तापीतीरींचे मिश्र उत्सव व राणूबाईचें कुळ

दार्जिलिंग येथें महाकाळाच्या टेकडीवर ब्राह्मण पुजारी व बौद्ध लामा एकाच स्थानीं आपापल्या रीतीनें उपासना करतात. हिमालयांतील गिरिनगरांविषयीं लिहिणाऱ्यांस ह्या गोष्टीचें मोठें नवल वाटतें, व तें रास्तहि आहे. कारण नेपाळी, भोटिया, लेपचा, बंगाली असे अनेक लोक तेथें एका उतारावर वसले असून प्रत्येकाचे सण निराळे आहेत. परंतु असला प्रकार पाहण्याकरितां खानदेशांतील मनुष्यानें इतकें दूर जावें असें नाहीं. तापीच्या दक्षिणेस, भुसावळच्या पूर्वेस असलेल्या वरणगांवीं बसून भोंवतालच्या चाळीस कोसांतील उत्सवांची नुसती यादी केली, तरी गुजराथ, माळवा, वऱ्हाड व देश ह्या चार प्रांतांच्या चालीरीती एका वर्षाच्या चक्रांत गुंतलेल्या दिसतात.

प्रस्तुत लेखांत प्रतिपादन करावयाचें तें इतकेंच कीं, ह्या मिश्रणास कालवाकालव म्हणतां येत नाहीं. जे लोक ज्या वाटेनें आले, त्या वाटेची खूण त्यांनीं आपल्या उत्सवाच्या तिथींत, वारांत व देवतेच्या नांवांत जतन करून ठेविली आहे, आणि ती खूण संस्कृत व प्राकृत जाणणाऱ्यास वाचतां येते. पोथ्या व दप्तरें जमविणाऱ्या आम्हां मंडळींनीं ह्या साधनाकडे आजवर पाठच फिरविली. त्यामुळें जी हानि होत आहे ती वाचकांच्या नजरेस आणावी हा हेतु.

प्रथम भूमीविषयीं दोन शब्द. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, व मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी, असा हा काळ्या मातीचा अरुंद पट्टा आहे. सुरतेहून बऱ्हाणपुरास व तेथून पुढें उत्तर हिंदुस्थानांत जाणारा जुना राजमार्ग ह्याच पट्ट्यांतून जात असे. इंग्रजांचा वकील टॉमस रो हा १६१५ सालीं सुरतेहून निघून बऱ्हाणपुरास आला व तेथें शहाजादा परवेझ याची भेट घेऊन पुढें अजमेरास गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेंहि हा मार्ग आपल्या प्रवासवृत्तांत वर्णिला आहे. आपले पूर्वज गुजराथेंतून आले असें लेवा पाटीदार व गुजर मंडळी सांगतात. मारवाडांतून व्यापारी आले. पूर्वेस वऱ्हाड व ईशान्येस निमाड लागूनच आहे. सातपुड्यांत भिल्ल व पावरा आणि पायथ्याशीं इस्लामधर्मी तडवी भिल्ल आहेत. आगगाडीनें व १९६४ सालीं वरणगांवीं निघालेल्या आयुधनिर्माणीनें त्यांत आणखी परप्रांतीयांची भर घातली. ग्रियर्सन यानें १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषापाहणीच्या खंडांत खानदेशी बोलीस मराठींत न घालतां भिल्ली बोलींच्या शेजारीं बसविलें. तें वर्गीकरण मला सर्वांशीं मान्य नाहीं. परंतु ही बोली एका सांच्यांतून निघालेली नाहीं, एवढें त्याच्या कानानें बरोबर टिपलें होतें.

लिखित साधनांत ह्या मिश्रणाचा उत्तम नमुना पाहावयाचा तर बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीकडे वळलें पाहिजे. हें शहर आज मध्यप्रदेशांत असलें तरी इतिहासानें तें खानदेशाची राजधानी होय. फारूकी घराण्यांतील नासीरखान यानें तें वसविलें व दौलताबादचे अवलिया शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचें नांव त्यास दिलें. त्याच घराण्यांतील आदिलशाह, ज्यास लोक राजा अलीखान म्हणत, त्यानें ही मशीद बांधली. तींत अरबी लेखाच्या जोडीस एक संस्कृत लेख कोरलेला असून तो रायबहादुर हिरालाल यांनीं एपिग्राफिया इंडिकेच्या ९ व्या खंडांत प्रसिद्ध केला आहे. आरंभीं सृष्टिकर्त्यास नमन, नंतर अव्यक्त, व्यापक व गुणातीत अशा ईश्वराचें स्तवन, मग राजा मलिकापासून फारूकी राजांची वंशावळ, व शेवटीं मशीद उभारल्याची मिति, असा त्याचा क्रम आहे. मशिदीस ‘मसीति’ असा शब्द योजिला असून ती राजानें स्वधर्माच्या पालनार्थ बांधली असें म्हटलें आहे.

हा ‘स्वधर्म’ शब्द फार मोलाचा आहे. गीतेंतील ज्या शब्दावर आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत व्याख्यान करतों, तोच शब्द एका पंडितानें मुसलमान राजाच्या मशिदीस लाविला, आणि तो लावितांना मशिदीस देऊळ म्हटलें नाहीं कीं राजास विष्णूचा अंश ठरविलें नाहीं. ईश्वराचीं विशेषणें त्यानें अशीं निवडलीं कीं वेदान्त्यास तीं आपलीं वाटावींत व मौलवीनें त्यांस हरकत घेऊं नये. ह्यास मी जाणतेपणाचें मिश्रण म्हणतों.

परंतु संशोधकाच्या दृष्टीनें त्याहून बोलकी आहे ती लेखाची मिति. संवत् १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध १०, सोमवार. आणि त्यापुढें नक्षत्र, योग, करण, घटिका व लग्न हीं सर्व दिलीं आहेत. जुन्या इंग्रजी गणनेनें त्या दिवशीं ५ जानेवारी १५९० ही तारीख व सोमवारच येतो, म्हणजे मिति जुळते. आतां पाहा : विक्रमसंवत् ही गुजराथ-माळव्याची गणना, शक ही दक्षिणेची. पौष महिना असल्यामुळें चैत्रादि व कार्तिकादि दोन्ही संवतांत तोच अंक पडतो, म्हणून ह्या बाबतींत गुजराथी व माळवी यांत निवड करतां येत नाहीं. परंतु संवत्सराचें नांव मात्र निश्चित साक्ष देतें. शके १५११ यास ‘विरोधी’ हें नांव दक्षिणेच्या गणनेनेंच येतें. नर्मदेच्या उत्तरेस बार्हस्पत्य मानाचें संवत्सर निराळें असतें. तेव्हां हें पंचांग मांडणारा ज्योतिषी उत्तरेचा संवत् व दक्षिणेचा संवत्सर एकाच ओळींत लिहीत होता. दोन्ही गणना त्यास अवगत होत्या, व दोन्ही वाचणारे लोक त्या गांवांत नांदत होते. त्यानें दोहोंची सरासरी काढली नाहीं. दोन्ही शेजारीं शेजारीं ठेविल्या.

खानदेशी उत्सवांत नेमका हाच प्रकार आढळतो. दगडावरचा पुरावा डोळ्यांपुढें ठेवून आतां घरांतल्या देव्हाऱ्याकडे वळूं.

खानदेशाची खरी कुलदेवता कोणती असें विचारल्यास बहुतेक घरांतून एकच उत्तर येईल : कानबाई. श्रावणांत नागपंचमीनंतर जो पहिला रविवार येईल त्या दिवशीं तिची स्थापना होते. आधीं घर सारवून अथवा रंगवून, भांडींकुंडीं घासून लख्ख करतात. घरांतील पुरुषांच्या संख्येवर सव्वाच्या मापानें गहूं घेऊन ते दळतात. ह्या पिठाच्या पोळ्या व त्यांसह होणारा स्वयंपाक यांस ‘रोट’ म्हणतात. देवी म्हणजे एक नारळ. हा नारळ पिढ्यान् पिढ्या त्याच घरांत चालत आलेला असतो. त्यास डोळे व नथ लावून, वस्त्र नेसवून, केळीच्या खुंटांचा मंडप केलेल्या चौरंगावर बसवितात. रात्रभर जागर, गाणीं व फुगड्या होतात, आणि सोमवारीं सकाळीं डोकीवर चौरंग घेऊन बायका वाजतगाजत नदीवर जातात. तेथें पूजा होऊन देवीस निरोप दिला जातो, पण घराण्याचा नारळ परत घरीं येतो. रोटाचें अन्न भाऊबंदांबाहेर देत नाहींत. इतर दिवशीं जेवावयास बोलावल्याशिवाय शेजाऱ्यास सोडणार नाहींत असे हे लोक ह्या एका अन्नाच्या बाबतींत फार कडक असतात.

पंडितांच्या व्रतसंग्रहांत असल्या देवतांस जागा क्वचितच मिळते. हेमाद्रीनें व्रतखंडांत तिथिव्रतें, वारव्रतें, नक्षत्रव्रतें यांचा सागर भरून ठेविला आहे, तरी खानदेशांतील सर्वांत मोठ्या सणाकरितां तो उघडून कांहीं हातीं लागत नाहीं. म्हणून शास्त्री मंडळींनीं ‘लौकिक आचार’ एवढा शेरा मारून हा विषय सोडून दिला. कोणी नांवाची व्युत्पत्ति लावून कृष्ण, कण्ह, कान्ह अशी परंपरा दाखवितात व कानबाई म्हणजे कान्हाची स्त्री असें सांगतात. कोणी कण्हेरीच्या फुलाशीं संबंध जोडतात. पहिली व्युत्पत्ति वर्णविकाराच्या नियमांनीं निर्दोष आहे. पण केवळ वर्ण जुळले म्हणजे कुळ जुळलें असें होत नाहीं. कृष्णाचा संबंध असता तर त्याची तिथि, म्हणजे त्याच श्रावणांतील वद्य अष्टमी, कोठें तरी डोकावली असती. येथें अष्टमी नाहीं, रोहिणी नाहीं. येथें आग्रह आहे तो रविवाराचा. नागपंचमी कोणत्याहि वारीं येवो, कानबाई रविवाराची वाट पाहते. वार कोणाचा, तें पाहिल्यावांचून देवता कोणाची तें कळावयाचें नाहीं.

ह्या ठिकाणीं कानबाईची जोडीदारीण उपयोगीं पडते. खानदेशी गाण्यांत व बोलण्यांत ‘कानबाई-राणूबाई’ असा जोडीनें उल्लेख येतो. राणूबाई कोण हें मात्र अंधारांत नाहीं. मराठी घराघरांत श्रावणांतल्या रविवारीं वाचली जाणारी आदित्यराणूबाईची कहाणी प्रसिद्ध आहे. विड्याच्या पानावर रक्तचंदनाची राणूबाई काढावयाची, सहा रेघांचें मंडल व सहा सुतांचा सहा गांठींचा तांतू करावयाचा, आणि श्रावणाच्या पहिल्या रविवारीं धरलेलें हें व्रत माघांत रथसप्तमीस पुरें करावयाचें, असा तिचा विधि आहे. रविवार, रक्तचंदन, रथसप्तमी : सूर्याखेरीज येथें दुसरा देव संभवतच नाहीं. नांवांतहि आदित्य पुढें उभाच आहे.

राणूबाई म्हणजे सूर्याची राणी, हा अर्थ शब्दशः खरा आहे. भविष्य व सांब ह्या पुराणांत सूर्याच्या दोन स्त्रियांचीं नांवें राज्ञी व निक्षुभा अशीं दिलीं आहेत. राज्ञी ह्या शब्दाचें प्राकृत रूप ‘रण्णी’ अथवा ‘राणी’; त्यास आदरार्थी ‘बाई’ जोडून मराठींत राणूबाई, व ‘देवी’ जोडून गुजराथींत रन्नादे. ह्या रन्नादेस सौराष्ट्रांत रांदल म्हणतात. दडवा येथें तिचें स्थान आहे. लग्नांत व सीमंताच्या वेळीं तेथें ‘रांदल तेडतात’, म्हणजे तिला आमंत्रण करतात. हा विधि खानदेशी वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावा. पाटावर लोटे मांडून त्यांवर नारळ ठेवितात, नारळांस डोळे-नाक काढून वस्त्र व दागिने घालतात, आणि असे नारळ साधारणतः दोन असतात : एक रांदल, दुसरी तिची छाया. डोळे लावलेला, वस्त्र नेसलेला नारळ, आणि देवींची जोडी! तापीच्या मुखापलीकडील ह्या विधीचें कानबाईच्या चौरंगाशीं असलेलें साम्य केवळ योगायोगाचें मानणें मला तरी शक्य नाहीं.

दुसरी साक्ष निमाडची. तेथें चैत्रांत गव्हाचे जवारे पेरून गणगौरीचा उत्सव करतात, आणि त्यांत रणूबाई ही धणियर राजाची राणी असते. हा धणियर राजा म्हणजे सूर्यच, असें निमाडी लोक स्वतः सांगतात. म्हणजे पश्चिमेस सौराष्ट्रांत रांदल, ईशान्येस निमाडांत रणूबाई, दक्षिणेस देशावर आदित्यराणूबाई, आणि ह्या तिहींच्या मधोमध खानदेशांत कानबाई-राणूबाई, असा हा एक अखंड पट्टा आहे. मध्यभागीं राहणाऱ्यांनीं पश्चिमेकडून नारळाचा विधि घेतला व देशावरून श्रावणाचा रविवार घेतला. निमाडची जवाऱ्यांची गौर मात्र त्यांनीं ह्या सणांत मिसळूं दिली नाहीं. गौरीस त्यांनीं चैत्र-वैशाखांत निराळी जागा दिली आहे. तिच्याकडे पुढें येतों.

मग ही सूर्यराज्ञी ह्या मार्गावर आली कशी? सूर्यपूजक लोक आपला देव बरोबर घेऊन स्थलांतर करीत, ह्याचा बिनतोड पुरावा मंदसोरच्या शिलालेखांत आहे. लाट देशांतून, म्हणजे दक्षिण गुजराथेंतून, रेशमी वस्त्रें विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरास जाऊन राहिली. तेथें तिनें मालव संवत् ४९३ मध्यें सूर्याचें मंदिर बांधलें व ५२९ मध्यें त्याचा जीर्णोद्धार केला. वत्सभट्टि नांवाच्या कवीनें हा वृत्तान्त सुंदर काव्यांत लिहून ठेविला आहे. लाट देश म्हणजे खानदेशाचा पश्चिमेकडचा शेजारी. कोष्ट्यांची एक श्रेणी उत्तरेस गेल्याचें दगडावर लिहिलें गेलें. पूर्वेस तापी चढून आलेल्या कुटुंबांपाशीं वत्सभट्टि नव्हता, त्यांच्या बायकांपाशीं नारळ होता.

आणखी एक पायरी मागें गेलें तर वाट हिंदुस्थानाबाहेर जाते. सांबपुराणांत सूर्याच्या पूजेकरितां शाकद्वीपांतून मग ब्राह्मण आणल्याची कथा आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत सूर्यप्रतिमेस औत्तराह लोकांचा वेष द्यावा असें सांगितलें असून सूर्याचे पूजक ते मग, असेंहि म्हटलें आहे. हे मग म्हणजे इराणी सूर्योपासकांची शाखा, ह्याविषयीं विद्वानांत फारसा मतभेद उरलेला नाहीं. तेव्हां ज्या देवतेस आपण निव्वळ गांवंढळ म्हणून बाजूस सारतों, तिच्या सासरचा वृत्तान्त असा लांबवर पसरलेला आहे. एखाद्या राजघराण्याची बखर हातीं आली असती तर तिच्यावर आपण ग्रंथ लिहिला असता.

कानबाईविषयीं इतका विस्तार केल्यावर दुसरे सण आटोपते घेतों. भाद्रपद पौर्णिमेस मुली गुलाबाई बसवितात. वऱ्हाडांत तिला भुलाबाई म्हणतात. शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ति, रोज संध्याकाळीं गाणीं, झांकून आणलेली खिरापत ओळखणें, आणि कोजागिरीस समाप्ति. ह्यांत शिकण्याजोगें आहे तें उत्सवाचें मान. तो पौर्णिमेच्या दिवशीं सुरू होऊन पुढच्या पौर्णिमेस संपतो. आमचा महिना अमान्त, म्हणजे अमावास्येस संपणारा. त्या हिशेबानें हा उत्सव अर्धा भाद्रपदांत व अर्धा आश्विनांत पडतो, आणि असें कां, ह्याचें कारण सांपडत नाहीं. पण नर्मदेपलीकडील पूर्णिमान्त गणना लावून पाहिली कीं उत्सव आश्विनाचा संपूर्ण महिना व्यापतो. माळव्यांतील मुलींची ‘संजा’हि ह्याच भाद्रपद पौर्णिमेस बसते. मुलींच्या खेळांत उत्तरेचा महिना जिवंत राहिला, त्या घरच्या पुरुषांनीं मात्र केव्हांच दक्षिणेचें पंचांग पत्करलें. बऱ्हाणपूरच्या लेखांत जें संवत् व संवत्सराचें झालें, तेंच येथें महिन्याचें झालें आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. ह्याच सुमारास गौराईची पूजा होते, झाडांना झोके बांधतात, लेकी माहेरीं येतात. त्याच दिवशीं पितरांकरितां पाण्याची घागर भरून आंबरस व सांजोऱ्यांचा नैवेद्य करतात, आणि अग्नींत ‘आगारी’ टाकतात. देशावर गौर व पितर यांस एका दिवशीं इतकें जवळ बसवीत नाहींत. शेतावरील सालदाराचें सालहि आखाजीपासून मोजलें जाई. म्हणजे गौरीचा निरोप, पितरांचें तर्पण व मजुरीचा करार यांस एकच तिथि. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत ही आखाजी आली आहे. तीं गाणीं १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपानें निघालीं. तीं वेळेवर कागदावर उतरलीं नसतीं तर काय गमावलें असतें ह्याचा विचार संग्राहकांनीं करावा. गाड्यांची सांखळी करून भगतानें ओढावयाच्या बारागाड्या, व सातपुड्यांत होळीपूर्वीच्या आठवड्यांत भरणारे भोंगऱ्याचे बाजार, हे स्वतंत्र लेखाचे विषय असल्यामुळें येथें नुसता उल्लेख करून थांबतों.

आतांपर्यंतचीं उदाहरणें हिंदूंच्या घरांतलीं झालीं. रस्त्यावरील उदाहरण जळगांवच्या रथाचें. कार्तिक शुद्ध एकादशीस तेथें श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनीं १८७२ सालीं तो सुरू केला. रथ भिलपुऱ्यांत आला म्हणजे लालशाबाबांच्या समाधीपाशीं थांबतो व समाधीवर चादर चढविली जाते. अप्पा महाराज व लालशाबाबा यांचा स्नेह होता असें परंपरा सांगते. ह्या प्रसंगास ‘ऐक्य’ वगैरे मोठे शब्द लावण्याची हल्लीं रीत आहे. मला त्यांत त्याहून साधें व म्हणून अधिक टिकाऊ असें कांहीं दिसतें. रामाचा रथ दर्ग्यापाशीं थांबला म्हणून राम पीर होत नाहीं, आणि चादर घेतली म्हणून बाबा वैष्णव होत नाहींत. दोन थोर पुरुषांचा स्नेह होता, त्यांच्या मागें तो ‘माना’च्या रूपानें राहिला, व मान हा खानदेशांतील गांवगाड्याचा कायदाच आहे. मान चुकला तर तंटा, मान चालला तर सलोखा. बऱ्हाणपूरच्या पंडितानें ‘स्वधर्म’ शब्दानें जी मर्यादा आंखली, तीच येथें रथाच्या चाकांनीं पाळली आहे.

आतां आक्षेपाकडे. कांहीं विद्वान् मित्र म्हणतात कीं, असल्या आचारांत शुद्ध काय व मागाहून शिरलेलें काय हें निवडून काढावें आणि शुद्ध तेवढें ठेवावें. दुसरे कांहीं उलट बाजूनें येऊन म्हणतात कीं, सारें एकच आहे, भेद पाहणें हेंच पाप. दोघांचाहि परिणाम एकच होतो : कागद फाटतो. पहिल्यांच्या सांगण्यावरून रविवार सोडून ‘शास्त्रोक्त’ तिथि धरली, कीं सूर्याचा धागा तुटला. दुसऱ्यांच्या सांगण्यावरून कानबाई, गुलाबाई व गौराई यांस एकच देवी ठरवून एकाच मंडपांत एकच आरती लाविली, कीं तिघींच्या तीन वाटा बुजल्या. ध्वनिवर्धकाच्या मिरवणुकींत हें दुसरें काम विशेष झपाट्यानें चाललें आहे. पोथींत दोन हस्ताक्षरें आढळलीं तर आपण एक खोडून टाकतों काय? कोणतें अक्षर कोणाचें हें टिपून दोन्ही राखतों. येथें त्याहून वेगळा न्याय लावण्याचें कारण मला दिसत नाहीं.

आणि आपल्या व्यवसायांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एका जुन्या घराण्याचें दप्तर चाळतांना सनदा, निवाडे व पत्रें यांचे नीट रुमाल बांधलेले मीं पाहिले, आणि उत्सवखर्चाच्या यादी ‘किरकोळ’ म्हणून कोपऱ्यांत टाकलेल्या पाहिल्या. त्या यादींत कोणत्या वारीं किती गहूं, किती नारळ, कोणास विडा व कोणास शेला, हें सर्व होतें. सनदेवरून जमीन कोणाची तें कळतें. माणूस कोठून आला तें ह्या यादीवरून कळतें. इ. स. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास देह ठेवणाऱ्या राजवाड्यांनीं भाषा, आडनांवें व गांवांचीं नांवें यांतून इतिहास काढण्याची वाट दाखविली. उत्सवांच्या यादी त्या वाटेवरचाच पुढचा टप्पा आहेत. पाटणच्या मठाचा शके ११२८ चा लेख पाहा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या ह्या संस्कृत लेखाच्या शेवटीं मठास द्यावयाच्या देण्यांचा मजकूर मराठींत आहे, आणि आज अभ्यासक श्लोकांइतकेच, किंबहुना अधिक, त्या ओळींकडे धांवतात. खानदेशाच्या भाषेचा तेवढा जुना नमुना त्या ‘किरकोळ’ मजकुरामुळेंच राहिला.

तेव्हां ज्यांच्या घरीं कानबाई बसते त्यांच्याकडून नारळ एक कीं दोन, गव्हाचें माप काय, रोट कोणास चालतो व गाण्यांत राणूबाईच्या नवऱ्याचें नांव काय येतें, एवढें तरी गांवाच्या व कुळाच्या नांवासह उतरून घ्यावें. ह्या कामास सुरतेपासून आरंभ केलेला बरा. गिरण्यांच्या व यंत्रमागांच्या कामास गेलेलीं हजारों खानदेशी कुटुंबें तेथें उधना, लिंबायत ह्या भागांत राहतात व श्रावणांतल्या त्याच रविवारीं कानबाई बसवितात; त्याच शहरांत सौराष्ट्रांतून आलेल्या घरांत लग्नकार्यीं रांदलेचे लोटे मांडतात. दोन्ही विधि एका दिवसाच्या फेरींत पाहतां येतील व दोन्ही नारळ शेजारीं शेजारीं तपासतां येतील अशी दुसरी जागा मला माहीत नाहीं. आणि तेथील म्हाताऱ्या बायका, ज्यांनीं हीं गाणीं खानदेशांत आपल्या आयांकडून घेतलीं, त्या अजून गातात.